कोनशिलांचा देश

मी उभ्या आयुष्यात खोटं बोललो नाही. खऱ्याला फक्त जरा खतपाणी घातलं. तरी माझी नात कामिनी माझ्यावर विश्वास ठेवत नाही. त्या सकाळी मात्र तिचा नाइलाज होता.

दोंडाईच्याचं लग्न उरकून आम्ही धुळ्याच्या एसटीत बसलो होतो. अकराला तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा. या विषयात ती एकदा नापास झालेली. आता पुन्हा नापास झाली तर कॉलेज बंद, असं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या ललितनं, बजावलं होतं. पुस्तक तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गोऱ्या गप्पिष्टाचं. जहाज फुटतं आणि गडी कधी बोटाएवढ्या माणसांच्या देशात, कधी ताडाएवढ्यांच्या.

“नाना, दोन देश वाचले. तिसरा हळदीच्या गडबडीत राहिला,” कामिनी रडवेली झाली.

“तिसरा ना? मला ठाऊक शे.”

“तुम्ही इंग्रजी कधी शिकलात?”

“देश पाहायला इंग्रजी कशाला लागते?”

आणि चिमठाण्यापासून धुळ्यापर्यंत मी तिला तिसरा देश दाखवला. तिथल्या राजानं नदीवर पूल बांधायचा म्हणून कोनशिला बसवली. राजा बदलला, त्यानं आपली वेगळी बसवली. असे सत्तावन्न राजे झाले. पूल काही झाला नाही, पण लोक कोनशिलांवर पाय देत कोरड्या चपलांनी पलीकडे जाऊ लागले.

“नाना, हे बठ्ठं, सगळं सगळं खोटं शे ना?”

“त्या गोऱ्याचं तरी कुठं खरं शे?”

परीक्षेच्या खोलीबाहेर खिडकीशी मी उभा राहिलो. जळगावहून आलेले हितेंद्र सर परीक्षक होते. उत्तरं मराठीत दिलीस तरी चालेल, म्हणाले. दोन देश कामिनीनं झकास सांगितले. मग अडकली, आणि नाइलाजानं कोनशिलांच्या देशात शिरली.

सरांनी पेन खाली ठेवलं. “या पुस्तकाची मी अकरा पारायणं केली. हा देश मला कधी लागला नाही.”

कामिनीनं खिडकीकडे पाहिलं. मी लगेच नोटीसबोर्ड वाचायला लागलो.

“बरं,” सर म्हणाले, “त्या नदीला पूर आला तर?”

ती हळूच म्हणाली, “उद्घाटन झाल्याशिवाय पुराला सोडत नाहीत, सर.”

“आणि उद्घाटनाला राजा आलाच नाही?”

“मग त्या वर्षी पूर आला नाही, असं कागदावर लिहितात. बुडालेल्यांनी खाली सही करायची.”

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “तिसरा देश तू वाचलेला नाहीस, त्याचे आठ मार्क गेले. पण त्या माणसानं हे पुस्तक का लिहिलं, ते तुला कळलंय. वीसपैकी बारा. जा, आणि घरी जाऊन वाच.”

पुराचं मी तिला सांगितलंच नव्हतं, बरं का. ते पोरीचं स्वतःचं. मला जरा पोटात दुखलंच.

बाहेर येऊन मी ललितला फोन लावला. म्हटलं, पोरगी पहिली आली. परीक्षेला दुसरं कुणी होतं का, ते त्यानं विचारलं नाही.