एकही रेघ नाही

कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर नुकते येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेत, जिन्याखालच्या खोलीत दोघीजणी बसत. थोरलीने वीस वर्षं परदेशी देणगीदारांसाठी मुलांच्या कहाण्या लिहिल्या होत्या. तिचं लिहिणं दगडाला पाझर फोडतं, असं साहेब म्हणत. धाकटीला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. शिपाई दोघींना 'सवती' म्हणे, अर्थात पाठीमागे.

थोरलीला धाकटीचं सगळंच खुपे. मुलांशेजारी जमिनीवर फतकल मारून बसणं, ते खळखळून हसणं, टेबलावरचा तिचा चहाचा कपसुद्धा.

त्या वर्षी कारखान्यांतून सुटलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी मोठी मोहीम निघणार होती. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर बटणची कहाणी जायची होती. शर्टांना बटणं लावता लावता हे नाव पडलेली बारा वर्षांची पोर, आता शाळेत जात होती. साहेबांनी दोघींनाही लिहायला सांगितलं. सरस ठरेल ते छापायचं. त्यात धाकटीने नवंच खूळ काढलं. जिची कहाणी तिलाच आधी वाचू द्या, नको असेल ते तिने खोडावं. साहेबांनी लगेच मान डोलावली.

वीस वर्षांत पहिलं पान दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं नव्हतं. थोरलीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

बटणने लाल पेन्सिल घेऊन दोन्ही कागद वाचले. ते परत आले तेव्हा थोरलीने आधी धाकटीचाच ओढला. पान नुसतं रक्तबंबाळ! 'घाबरलेली' खोडलेलं, 'अंधारी खोली' खोडून वर 'खिडकी होती' असं लिहिलेलं. थोरलीच्या कागदावर मात्र एकही रेघ नाही. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"काय गं, पोरीने नापास केलं वाटतं?" तिने गोड आवाजात विचारलं.

"पार दाणादाण उडवली, ताई!" धाकटी हसतच सुटली. "बरं झालं. आता नव्याने लिहिते."

ते हसणं थोरलीला मिरचीसारखं झोंबलं. हरलेल्या माणसाने असं हसायचं असतं का?

साहेबांकडे जाण्याआधी जरा कौतुक ऐकावं म्हणून तिने व्हरांड्यात बटणला गाठलं.

"माझं आवडलं ना? एकही चूक काढली नाहीस."

पोर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. "तुम्ही मोठ्या बाई. तुमचं कसं खोडायचं?"

"आणि तिचं?"

"त्या ताई रागवत नाहीत."

थोरलीने हातातला कोरा करकरीत कागद पाहिला, एकही लाल रेघ नसलेला. कागद तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवला असता तर पहिलं पान तिचंच होतं. कुणाला कळणार होतं? खोलीतून धाकटीचं गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि तिच्या अंगाची लाही लाही होत होती. वीस वर्षांतली पोरं एकेक करून डोळ्यांपुढे आली. त्यांतल्या एकानेही तिचं लिहिलेलं वाचलं नव्हतं.

तिने कागद आणि पेन्सिल पुढे केली. "खोड."

"रागावणार नाही?"

"रागावेन. तरी खोड."

बटणने पहिलंच वाक्य खोडलं. 'तिच्या डोळ्यांतले अश्रू अजून सुकले नव्हते.' साहेबांना असलीच वाक्यं सगळ्यात आवडत.

"तेव्हा मला नुसती भूक लागली होती," ती म्हणाली.

मग तिने मान वर करून थोरलीचा चेहरा नीट पाहिला, आणि पेन्सिल दुसऱ्या वाक्यावर टेकवली.