लंडन उकव्याहून जवळ

मी पृथ्वीगोल बोलतोय. सगळं जग अंगावर घेऊन फिरतो, पण बालाघाट काही माझ्यावर छापलेलं नाही. बंडोपंतांनी मला नागपूरच्या सीताबर्डीवरून घरी आणलं आणि पहिलं काम हेच केलं, शाईचा ठिपका देऊन आपलं गाव जगात बसवलं. ठिपका जरा फुगला. त्यात शिवनी, गोंदिया सगळेच बुडाले.

बंडोपंत कचेरीतून निवृत्त झालेले. बैठकीत माझ्याशेजारी बसून आल्यागेल्याला जग समजावून सांगायचे. स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते.

सन पासष्टच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीला, सुनीतीला, दोन स्थळं सांगून आली. एक जवळच्याच, घाटावरच्या उकव्याच्या मँगनीज खाणीतला ओव्हरसीयर, दुसरा लंडनचा डॉक्टर. बंडोपंतांचा जीव डॉक्टरवर. त्यांच्या बायकोचं, जिजाबाईंचं, मात्र एकच म्हणणं होतं.

"पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पायजे. इतक्या दुरून पोरगी येईन कशी?"

"दूर काहून? थांब." बंडोपंतांनी जानवं पुढे ओढलं आणि माझ्या पोटावर ताणलं. लंडन ते मुंबई वीतसुद्धा भरली नाही. "पाह्य. साडेचार हजार मैल, विमानाले अर्धा दिवस. उकव्याची बस घाटात बंद पडली का दुसरा दिवस उजाडते. आता सांग, जवळ काय?"

मुंबईहून गोंदियापर्यंत मेल आणि तिथून छोटी गाडी, ही रखडपट्टी त्यांनी धरलीच नाही. पण जिजाबाईंना जानवं दिसत होतं. जानवं हातात धरून माणूस बोलला म्हणजे ती शपथच. त्या "हौ" म्हणाल्या आणि सुनीती लंडनला गेली.

बाई, माझ्यावर समुद्र असतात, रजा नसते, तिकिटाचे भाव नसतात, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण मला विचारतो कोण? मला नुसतं फिरवतात.

दोन वर्षांनी गोड बातमी आली. जिजाबाईंनी डिंक आणवला, माळ्यावरचा पाळणा उतरवला, बाळंतिणीची खोली चुन्याने रंगवून घेतली. मग कळलं की दिवस भरत आले की विमानात घेत नाहीत, आणि त्याआधी जावयाला सवड नाही. नातू तिकडेच झाला. बंडोपंत कित्येक दिवस बैठकीकडे फिरकले नाहीत.

उकव्याचं ते स्थळ शेजारच्या अलकनंदाला मिळालं होतं. त्याच पावसाळ्यात ती खाणीच्या ट्रकमधून, गाद्यांवर आदळत आपटत, माहेरी येऊन पोचली आणि तिला मुलगी झाली. जिजाबाई लाडवांचा डबा घेऊन तिच्याकडे निघाल्या. जाता जाता थांबून त्यांनी मला एक गिरकी दिली. बंडोपंत समोरच बसले होते.

"त्या अर्ध्या दिवसाले किती वर्षं लागतात हो?"

मला त्यांची कीव आली. मैल त्यांनी बरोबर सांगितले होते.

आता त्यालाही बरीच वर्षं झाली. सुनीतीचे फोटो येतात, सुनीती येत नाही. लोकहो, माझ्यावर खुशाल अंतरं मोजा, पण लेक कुठे द्यायची हे मला विचारू नका. जिजाबाई मला रोज ओल्या फडक्याने पुसतात. एका जागी त्यांचा हात थांबतो, तिथेच घुटमळतो. परवा पाहिलं, तर माझ्यावरचं लंडन पार पुसून गेलंय.