चार नंबरचा कप

माझ्या मधल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट.

मी आणि माझी धाकटी जाऊ एका शीतगोदामाच्या चहाघरात कामाला होतो. आत माल गोठवून ठेवलेला असायचा. रजईएवढे जाड कोट आणि हातमोजे घालून माणसं पेट्या रचायची. त्यांना चहा आत नेऊन द्यावा लागे, पण पेट्यांपर्यंत पोचेस्तोवर तो गार व्हायचा. माणसं म्हणायची, "बाई, चहा पाठवलात की चहाची आठवण?"

चहाघराची किल्ली अठरा वर्षं माझ्या कमरेला होती. धाकटीला तिथं मीच चिकटवलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. ती नववीपर्यंत शिकलेली, मी अंगठाबहाद्दर. सासूबाईंना कुणाचं पत्र आलं की धाकटीला हाक मारा. औषधाची बाटली आणली की धाकटीला हाक मारा. तिच्याआधी सहा वर्षं मी त्या घरात आले होते, पण मला हाक यायची ती भांडी घासायला.

मग गोदामाच्या साहेबांनी तीनशे कप घ्यायचं ठरवलं. दुहेरी भिंतीचे, झाकणाचे. चार दुकानांतून एकेक नमुना आला. साहेब म्हणाले, "आधी तपासू, मग घेऊ. मागे किटल्या न बघता घेतल्या, निम्म्या गळक्या निघाल्या." आणि थर्मामीटर, कागद, पेन्सिल त्यांनी धाकटीच्या हातात दिलं.

माल वाहणारा गाडीवाला दारात उभा होता. म्हणाला, "काय बाई, आता किल्ली पण तिकडंच जाणार वाटतं!" तो थट्टेनं बोलला, पण मी दिवसभर कमरेची किल्ली चाचपत राहिले. किल्ली गेली तर माझ्याजवळ उरत होतं काय?

धाकटीनं कपांवर पट्ट्या चिकटवून नंबर घातले. एकाच किटलीतला चहा, सगळ्यांत सारखा मापून ओतायचा, कप आतल्या थंडीत ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी बघायचं, असं तिनं ठरवलं.

मी म्हटलं, "त्याला एवढं कशाला? बोट बुडवलं की कळतं."

"तुमच्या बोटाला कळतं हो जाऊबाई. पण साहेबांना तुमचं बोट कसं लिहून देऊ?"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

दोन नंबरचा कप सगळ्यांत भिकार होता. वजनाला फुलासारखा, झाकण ढिलं. धाकटी घड्याळ आणायला गेली, तेवढ्यात मी त्यात उकळतं पाणी ओतलं, झाकण दाबून धरलं आणि तिची चाहूल लागताच पाणी मोरीत ओतून दिलं. भांडं आधी गरम केलं की चहा जास्त वेळ तग धरतो, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक. मनात एकच होतं. हाच कप पहिला येऊ दे, असले तीनशे येऊ देत, आणि शिव्या हिला बसू देत.

धाकटीनं एकेक कप फडक्यानं पुसला. दोन नंबर हातात जरा जास्त वेळ धरला.

चाळीस मिनिटांनी दोन नंबर सगळ्यांच्या पुढे होता.

"दोन नंबर पुढे आहे," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"असेल." मी साखरेचा डबा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी गेले तर भिंतीवर तिच्या अक्षरातला कागद, वर प्लास्टिक लावलेला, आणि मागणी गेली होती चार नंबरची. साहेब म्हणाले, "यापुढे प्रत्येक कप आधी उकळत्या पाण्यानं विसळायचा, मगच चहा ओतायचा. आणि बाई, किल्ली तुमच्याकडेच राहू दे."

किल्ली राहिली ती माझ्या वयाला मान म्हणून, असं मी धरलं. पण विसळायचं ऐकून जळून कोळसा झाले. युक्ती माझी, आणि नाव हिचं! धाकटी म्हणाली, "जाऊबाई, कागद वाचून दाखवू?"

"मला काय करायचंय? तुझं कौतुक तूच वाच."

सात वर्षं मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

जुळ्या नाती शाळेत जायला लागल्या, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून मीही अक्षरं गिरवली. त्यांना कंटाळा आला, मला आला नाही. लोक म्हणाले, म्हातारीला काय हौस! हौस कसली? तिनं स्वतःला किती चढवून ठेवलंय, ते मला वाचायचं होतं.

एका दुपारी चहाघरात कुणी नव्हतं. अक्षरांखाली बोट धरून मी वाचत गेले.

"पहिल्या दिवशी दोन नंबर पुढे, कारण थोरल्या जाऊबाईंनी तो आधी उकळत्या पाण्याने गरम केला होता. दुसऱ्या दिवशी चारही तसेच गरम केले. चार नंबर सर्वात चांगला. पण कप कोणताही घ्या, आधी गरम करा. ही युक्ती जाऊबाईंची. चहाघर त्यांच्याच हाती असावे."

मी तीनदा वाचलं. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटला तो हेवाच. एवढं मोठं मन हिला कुठून आलं, आणि तेही माझ्याआधी?

धाकटी धुतलेल्या कपांचा ट्रे घेऊन आत आली.

मी म्हटलं, "'ज'चं पोट किती मोठं काढतेस गं!"

तिनं ट्रे खाली ठेवला. "वाचलंत?"

"वाचलं. अक्षर अगदी गिचमिड आहे. तोंडानं सांगितलं असतंस तर?"

"विचारलं होतं की! तुम्हीच म्हणालात, तुझं कौतुक तूच वाच." आणि हसत सुटली.

मी एक कप उकळत्या पाण्यानं विसळला आणि तिला चहा ओतून दिला. माफी मागायची ती दुसऱ्या दिवसावर ढकलली. मग त्याच्या दुसऱ्या.

जुळ्यांना आठ वर्षं पुरी झाली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी दुपारी छातीत कळ येऊन धाकटी गेली.