ताईच्या गाडीला दाजींचे टायर

आमचे दाजी दातांचे डॉक्टर आहेत आणि मला त्यांचा वीट आला आहे. हे उघड लिहायला मला अकरा वर्षं लागली. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून 'दाजी, या', 'दाजी, बसा', पंख्याखालची खुर्ची त्यांना. माणूस कसाही असो, आपली बहीण त्याच्या घरात आहे, आपण तोंड उघडलं की त्रास तिला होतो, असं आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं. बाकी काही मी इतकं नीट शिकलो नाही.

माझं टायरचं दुकान आहे. दाजी आले की आधी खुर्ची रुमालानं पुसायचे, मग चहाचा कप दोन बोटांत धरायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाला माझ्या हाताच्या काळ्या रबराची किळस यावी, याचं मला आधी हसू यायचं. पुढे नुसतं बघवेना.

मागच्या वर्षी त्यांना नवा शौक लागला. गावाबाहेर गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक क्लब तिथे हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. नुसती एका फेऱ्याची वेळ मोजतात आणि त्या दोन सेकंदांवरून पन्नाशी उलटलेले बाप्ये शेंबड्या पोरांसारखे भांडतात.

गाडी मात्र ताईच्या नावावर, ताईच्या कामाची. ती परिचारिका आहे. जे लोक अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. सकाळी साडेसहाला निघते, रोज चौदा घरं. याला ती 'फेरी' म्हणते, आणि एकोणीस वर्षं तिनं ही फेरी केली आहे. रविवारी तिला सुट्टी, म्हणून त्या दिवशी गाडी दाजींची.

पहिल्याच खेपेला एका निवृत्त चित्रकलाशिक्षिकेनं आपल्या छोट्या गाडीतून दाजींना दोनदा मागे टाकलं. सोमवारी दुपारी दाजी दुकानात हजर.

"मला ट्रॅकचे टायर हवेत."

"दाजी, वर्षभर तरी रस्त्याचेच राहू द्या," मी म्हणालो. "रस्त्याचा टायर घसरायच्या आधी ओरडतो. त्या ओरडण्यावरून कळतं की आपलं जास्त झालं. ट्रॅकचा टायर तुमच्या चुका पोटात घालत राहतो आणि मग एकदम सोडून देतो. तोवर तुम्ही तुमच्या आवाक्याबाहेर गेलेले असता."

"त्या बाई काय, उगाच पुढे गेल्या?"

"त्या रस्त्याच्याच टायरवर होत्या, दाजी."

हे त्यांना झोंबलं. "तू टायर बसवतोस," ते म्हणाले. "चालवायचं काय ते आम्ही बघतो."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. ट्रॅकच्या टायरचं रबर तापलं की मऊ होतं आणि डांबराला धरून बसतं. तापायला त्याला दोन-तीन फेरे जोरात पळावं लागतं. थंड असताना तेच रबर मेणासारखं कडक. वर त्याला खाचा मोजक्याच, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पाण्याला जायला जागा नाही. सकाळी साडेसहाला, थंडीत, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत हळूहळू जाणाऱ्या गाडीला असले टायर म्हणजे चारी पायांना घसरगुंडी.

म्हणून मी एक अट घातली. ट्रॅकचे टायर वेगळ्या चार रिमवर चढवून देतो. शनिवारी संध्याकाळी घालायचे, रविवारी संध्याकाळी काढायचे. सोमवारी ताई रस्त्याच्याच टायरवर निघाली पाहिजे.

"अर्थातच," दाजी म्हणाले, आणि हातमोजे घातल्याशिवाय पान्याला हात लावायला तयार होईनात.

पहिले दोन महिने त्यांनी चाकं माझ्याच दुकानात बदलली. मग म्हणाले, आता घरीच करतो. तिसऱ्या महिन्यात गाडी थरथरते म्हणून चाकं बॅलन्स करायला घेऊन आले. मी पहिलं चाक उतरवलं आणि हाताला खरखर लागली. त्या मऊ रबरात बारीक खडी रुतली होती. एका ठिकाणी कुणीतरी चघळून थुंकलेला च्युइंगम, त्याला केस. दुसऱ्या चाकाला जखमेवरची चिकटपट्टी, कापसासकट. ट्रॅकवर च्युइंगम नसतो. ट्रॅकवर कुणाच्या जखमेची पट्टीही पडलेली नसते.

"दाजी, हे टायर रस्त्यावर चाललेत."

"चार चाकं काढा, चार घाला, कंबर जाते माझी," ते म्हणाले. "आणि मला सांग, जास्त पकड म्हणजे जास्त सुरक्षित की नाही? तिच्याच भल्यासाठी ठेवलेत."

"पण थंड असताना त्यांना पकड नसते..."

त्यांनी तळहात वर केला, पेशंटला तोंड बंद करायला सांगतात तसा. "तुझ्या ताईला काय सांगायचं ते मी सांगेन."

मी स्क्रूड्रायव्हर घेतला, खडी टोकरून काढली, पट्टी चिमट्यानं उचलून टाकली, चारी चाकं बॅलन्स करून परत चढवली. तेच टायर, तीच गाडी. मग त्यांना चहा दिला.

रविवारी गाडी दाजींकडे असते म्हणून ताई बसनं आईला भेटायला आमच्याकडे येते. त्या रविवारी मी तिला विचारलं, गाडी कशी आहे? ती म्हणाली, "आवाज फार करते रे हल्ली. खालून खडे उडतात." मी 'हं' म्हणालो. त्यानंतरच्या रविवारी तेवढंही नाही.

मग एका मंगळवारी, सकाळी पावणेसातला, भुरभुर पडत असताना, ताईची गाडी वळणावर वळलीच नाही. सरळ जाऊन एका गोदामाच्या भिंतीवर आदळली. ताईचं डावं मनगट मोडलं. भिंतीपासून चार पावलांवर एक सायकलवाला उभा होता. तो वाचला, ते त्याचं नशीब.

दुपारी मी इस्पितळात गेलो. ताई छताकडे बघत पडली होती.

"हळूच होते रे मी," ती म्हणाली. "तिसाच्याही आत. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी ऐकेचना. कसं झालं कळत नाही. वय झालं बहुतेक माझं."

तिच्या संस्थेचा नियम मला माहीत होता. अपघातात चूक चालवणाऱ्याची ठरली की फेरी बंद, मग स्टोअरमध्ये बसून बँडेजचे डबे लावायचे. संस्थेचे पाहणी करणारे लोक दुसऱ्या दिवशी चारला माझ्या दुकानात येणार होते, कारण गाडी ओढून तिथेच आणली होती.

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला दाजी संत्रं सोलत होते. "होतं असं," ते म्हणाले. "सकाळी तिची झोप पुरी झालेली नसते." आणि एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका टेम्पोतून रस्त्याची चार चाकं घेऊन आले. खुर्ची पुसायचं विसरले, एवढी घाई.

"ही बसवून टाक. चारच्या आत."

"कशाला?"

"क्लबनं मला नव्या लोकांना शिकवायला नेमलंय. बिल्ला दिलाय. ट्रॅकचे टायर रस्त्यावर वापरले की क्लबमधून नाव कापतात."

"आणि ताईची फेरी?"

"स्टोअरमध्ये बसेल. या वयात बरंच की. आराम मिळेल तिला."

अंगावर पाल पडावी तसं मला झालं. बायकोचं हाड मोडलंय, ती स्वतःला दोष देत पडली आहे, आणि हा माणूस तिची एकोणीस वर्षं एका पत्र्याच्या बिल्ल्यापायी स्टोअरमध्ये नेऊन टाकतोय, वर म्हणतोय तिच्याच भल्याचं.

"दाजी, चाकं परत टेम्पोत टाका."

"बहिणीच्या संसारात बिब्बा घालू नकोस."

"टाका म्हटलं ना."

मी त्यांना पहिल्यांदाच असं बोललो होतो. ते गेले तेव्हा मला छाती फुगवून फिरावंसं वाटत होतं. आपण बहिणीच्या पाठीशी उभे राहिलो. भाऊ असावा तर असा.

दुपारी एकला ताईच दुकानात आली, हात गळ्यात बांधलेला. गाडीत तिची औषधांची पेटी आणि रुग्णांची वही राहिली होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. टायर दाखवले, थंडीत ते कसे होतात ते सांगितलं, तुझी काही चूक नव्हती म्हटलं. मग पाहणी करणाऱ्यांसाठी दुकानाच्या छापील कागदावर लिहिलेलं पत्र तिच्या हातात दिलं. 'सदर टायर ट्रॅकचे असून थंड व ओल्या रस्त्यासाठी योग्य नाहीत. गाडीमालकिणीच्या पतीच्या आग्रहावरून ते बसवण्यात आले.' खाली सही, शिक्का.

तिनं ते दोनदा वाचलं. रडली नाही.

"हे टायर रोजच गाडीला असतात, हे तुला कधी कळलं?"

"दोन महिने झाले असतील."

"म्हणजे आठ रविवार मी तुझ्यासमोर बसून जेवले."

"ताई, तुझं घर आहे ते. मी बोललो असतो तर त्रास तुलाच झाला असता."

"मी रोज चौदा घरांत जाऊन लोकांच्या सडलेल्या जखमा उघडते," ती म्हणाली. "दुखेल म्हणून झाकून ठेवली तर माणूस मरतो. मला कसला त्रास झाला असता रे? घरी एक भांडण. ते मी केलं असतं."

तिनं कागद माझ्यापुढे सरकवला.

"यात लिही, तुला माहीत होतं."

"वर दुकानाचं नाव आहे, ताई."

"म्हणून तर."

मी पेन उचललं आणि ठेवलं. खरं सांगतो, त्या क्षणी मनात काय आलं ते. दाजींना फोन केला तर टेम्पो चारच्या आत परत येईल, हे आलं. कुणाला काही कळणार नाही, हेही आलं. सकाळपासून ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, तो माझ्याच खुर्चीत बसलेला मला दिसला आणि माझी मलाच शिसारी आली. मग मी लिहिलं. 'टायर रस्त्यावर वापरले जात असल्याचे मला दोन महिन्यांपासून माहीत होते. तरीही मी ते परत चढवून दिले व चालवणाऱ्या बाईंना सांगितले नाही.'

तिनं वाचून मान हलवली आणि चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहिली.

पत्र क्लबपर्यंत पोचलं आणि दाजींचा बिल्ला गेला. मला त्याचं सुख झालं नाही. मनगट जुळल्यावर ताईला तिची फेरी परत मिळाली. रविवारी ती येते, आईच्या तब्येतीचं बोलते, माझ्याशी हसतेही. तिच्या गाडीचे टायर मात्र आता दुसऱ्याच दुकानात बघतात.

परवा ती निघताना मी म्हटलं, "ताई, निदान हवा तरी बघून देतो."

"नको," ती म्हणाली. "कमी असली तरी सांगशील का तू मला?"