हात आणि पाते यांच्यामध्ये

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. खिडकीची नव्हे, पावाच्या कारखान्यातल्या पीठ मळण्याच्या यंत्राची. त्या यंत्राच्या पोटात एक जाडजूड, वाकडे पाते फिरते. त्या पात्याच्या आणि माणसाच्या हाताच्या मध्ये उभे राहायचे, एवढ्यासाठीच मला घडवले. मला उचलले की यंत्र जागच्या जागी थांबे. मी आहेच तशी हट्टी.

त्या यंत्रावर एक बाई काम करीत. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. कारखान्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत. कडेला चिकटलेले पीठ खरवडायचे असले की त्या मला उचलत आणि काम झाले की पुन्हा खाली ठेवत. घरी जाण्याआधी ओल्या फडक्याने मला पुसून काढत. ही आहे म्हणून आपण आहोत, असे नव्या बायकांना सांगत. तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

मुकादमाच्या डोळ्यांत मात्र मी सलत होते. यंत्र सारखे थांबते, पाव कमी निघतात, ही त्याची रोजची कुरकुर. शेवटी त्याने मिस्त्रीकडून मला काढवले, माझ्याविनाही यंत्र फिरेल अशी तार जोडवली आणि मला रिकाम्या पोत्यांमागे भिरकावले. वहिनींनी विचारले, तर जपून काम करा, जमत नसेल तर दाराबाहेर माणसे पुष्कळ आहेत, असे उत्तर मिळाले. पोटासाठी त्या उघड्या पात्यावरच काम करू लागल्या.

व्हायचे तेच झाले. पोत्यांमागून मला दिसले काहीच नाही. एक किंकाळी ऐकू आली आणि यंत्र बंद करायला धावणाऱ्यांच्या चपला. वहिनींच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

त्यांच्या जखमेचे टाके निघण्याआधीच मालकाने हात झटकले. बाईंनी जाळी स्वतःच काढली, मग भरपाई कसली, असे तो म्हणू लागला. सरकारी तपासनीस येणार होते, त्या सकाळी मुकादमाने मला ओढून काढले. माझ्यावरची धूळ झटकली आणि मिस्त्रीला पाना घेऊन बोलावले. मित्रांनो, मी हरखून गेले. आपण घरी चाललो, असे मला वाटले.

एवढ्यात दारातून वहिनी आल्या. हाताला पट्टी, बरोबर सासूबाई. त्यांनी डावा हात माझ्यावर ठेवला.

"आज ही बसणार नाही."

"अहो, जाळी हवी म्हणून तुम्हीच मागे लागला होतात ना?" मुकादम म्हणाला.

"जाळी उद्या बसवा. खोटं आज बसवू देणार नाही. मी काम करत होते तेव्हा यंत्र जसं होतं, तसंच साहेबांना दिसू दे."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "काढायला माझेच हात लावलेत," तो म्हणाला, "आता झाकायला लावू नका."

सासूबाईंनी एक पोते ओढले आणि माझ्याशेजारी ठाण मांडले. गुडघे दुखतात, आता साहेब आल्याशिवाय उठवणार नाही, असे त्यांनी मुकादमाला सांगून टाकले. बाकीच्या बायका आपापले काम सोडून यंत्राभोवती उभ्या राहिल्या. मुकादम कधी दरडावत होता, कधी गोंजारत होता. एकीही हलली नाही.

तपासनीस आले. त्यांनी उघडे पाते पाहिले, जोडलेली तार पाहिली. मिस्त्रीने खरे ते सांगितले. पुढे मालकाने पुष्कळ चालढकल केली, पण वहिनींनी पिच्छा सोडला नाही. मालक दया म्हणून काही देऊ लागला, ते त्यांनी घेतले नाही. हक्काची भरपाई घेतली आणि पाव तपासण्याच्या कामावर ताठ मानेने परत आल्या. बोटे मात्र परत आली नाहीत.

मी आता पुन्हा माझ्या जागी आहे. परवाच नवा मुकादम म्हणाला, माल तातडीचा आहे, तासभर जाळी काढा. यंत्रावरच्या नव्या बाईने यंत्रच बंद केले. मग ती हाताची घडी घालून उभी राहिली. शेजारची यंत्रेही एकेक करून थांबली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जाळ्या जिथे असतील तिथे त्यांना पुसा, तेल द्या. आणि कोणी काढा म्हटले, तर असेच उभे राहा. परवा पाव उशिरा निघाले. बायका मात्र धडधाकट हातांनी घरी गेल्या.