टोटल लॉसची गाडी

विम्याच्या माणसाचा फोन आला तेव्हा बायको जाऊन आठवडाही झाला नव्हता.

"वाईट बातमी आहे," तो म्हणाला. "तुमची गाडी गेली."

"गाडी पण?" सोफावाला म्हणाला.

सोफावाला म्हणजे सोफे उसवून पुन्हा शिवून देणारा. गल्लीत त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. मोटरसायकल बायकोची. डोकं दुखतंय म्हणून ती स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेली होती आणि तो नेहमीसारखा मागे बसला होता. सावली बघून तिने गाडी भिंतीला लावली आणि आपल्या पायांनी आत गेली. ती आत असताना बाहेर पाण्याचा टँकर मागे येत येत गाडीवरून गेला. आपलं काही चुकलं नाही, असं टँकरवाल्याचं म्हणणं होतं. त्याच्या टँकरला आरसाच नव्हता. त्या दिवशी आतून जी बातमी आली तिच्यापुढे बाहेरच्या बातमीकडे कुणी पाहिलं नाही.

आता विम्याचा माणूस सांगत होता, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातोय, म्हणून ती टोटल लॉस. नोंदणी तूर्त रद्द. एक तर भंगारात द्या, नाहीतर नीट करून आरटीओकडून पुन्हा पासिंग करून घ्या. "पण त्या फंदात कुणी पडत नाही," तो म्हणाला.

बायकोची थोरली बहीण तेव्हा घरातच होती. फोन ठेवायच्या आत तिने विषयाला हात घातला.

"भावजी, तुम्हाला गाडी येते का?"

"नाही, अक्का."

"जन्मभर मागे बसलात. मग ठेवून करणार काय?"

"तिची आहे."

"तिच्या चपलाही आहेत. त्याही पासिंगला न्या."

त्याने फोन खाली ठेवला. तो बोलला नाही की अक्काचं डोकं फिरायचं. शेवटी तीच म्हणाली, "पास झाली तर ठेवा. नापास झाली तर तिथूनच भंगारवाल्याकडे. मी जातीने येणार आहे."

"बरं."

मेकॅनिकने गाडीभोवती एक फेरी मारली. "काका, ही मेलीय," तो म्हणाला आणि जीभ चावली.

"हो, कागदावर तसंच लिहिलंय," सोफावाला म्हणाला. "चेसिस सरळ होईल का?"

चेसिस सरळ झाली. पुढच्या चाकाची बाजू बदलावी लागली, टाकी ठोकून घ्यावी लागली. सीट मात्र सोफावाल्याने कुणाला शिवू दिली नाही. मागची बाजू त्याला पाठच होती. पुढची कशी करावी ते कळेना, म्हणून त्याने जुनी खोळ उसवली. आतला फोम डाव्या बाजूला जास्त दबलेला होता. बायको बुटकी, सिग्नलला ती डावीकडे सरकून पाय टेकायची. नवा फोम त्याने तसाच, डावीकडे उतरता कापला. सोफ्याला असं केलं असतं तर गिऱ्हाईक अंगावर आलं असतं.

पासिंगच्या मैदानात तपासनीस म्हणाला, "चालवून दाखवा."

मेकॅनिक पुढे झाला.

"तुम्ही नाही. ज्याने दुरुस्त केली त्याने चालवायची नाही. काका, तुम्ही?"

"मी मागे बसतो," सोफावाला म्हणाला.

"मागे तर कुणीतरी बसायलाच हवं, वजन लागतं. पण पुढे कोण?"

मग अक्काने पिशवी मेकॅनिकच्या हातात कोंबली. "मला येते," चोरी पकडली गेल्यासारखं ती म्हणाली. "तिनेच शिकवली होती. लायसन्सही आहे."

सोफावाला मागे बसला. पहिल्याच वळणाला गाडी हेलकावली.

"भावजी, झोके काय घेताय?"

"वळणावर झुकायचं असतं."

"कुणी सांगितलं?"

"तिनेच."

अक्काने पुढचं वळण घेतलं. तीही झुकली. मग तपासनिसाने हात वर केला, तिने करकचून ब्रेक दाबला आणि सोफावाल्याचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटलं. गाडी रेषेच्या आत थांबली.

तपासनिसाने दिवे पाहिले, चेसिसचा नंबर पाहिला, हॉर्न वाजवला. मग तो मागे सरकला आणि एक डोळा मिटून सीटकडे बघत राहिला.

"सीट वाकडी वाटते. चेसिस अजून वाकलेली आहे की काय? बाई, तुम्ही आता बसला होतात. एका बाजूला सरकल्यासारखं होतं का?"

भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाबाहेरच उभा होता. तोही अक्कानेच बोलावला होता. सोफावाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. खरं बोललं तर गाडी गेली, आणि खोटं त्याला कधी जमलं नव्हतं.

अक्काने सीटवर हात फिरवला. तिचा हात डाव्या बाजूला थांबला.

"नाही हो," ती म्हणाली. "सरळ आहे. मीच अंगाने वाढलेय, कुठेही बसले तरी सरकते."

तपासनिसाला हसू आलं. त्याने सही केली, शिक्का मारला.

"झालं. आता रस्त्यावर न्यायला हरकत नाही. फक्त गाडी अजून तुमच्या मिसेसच्या नावावर आहे. त्या नाहीत म्हणता, तर वारस म्हणून तुमचं नाव लावून घ्या. तीन नंबरची खिडकी."

खिडकी उघडी होती आणि समोर कुणी नव्हतं.

"जाताय ना?" अक्काने विचारलं.

"आज नको."

अक्काने जास्त ताणलं नाही. बाहेर जाऊन तिने टेम्पोवाल्याशी भांडण करून त्याला रिकामा परत पाठवला.

आता ती रविवारी येते, गाडी काढते, सोफावाला मागे बसतो. नाव बदलायचं अजून राहिलंय.