शुक्र, टाकीच्या वर

‘या महिन्याचं आकाश’ हे सदर लिहिणाऱ्या उपसंपादकाने कित्येक महिन्यांत मान वर करून आकाश पाहिलं नव्हतं. कोष्टक समोर ठेवायचं, कोणता ग्रह कुठे ते उतरवायचं, की सुटला! या खेपेला तर त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. गेल्या वर्षीचा याच महिन्याचा मजकूर उचलला आणि जसाच्या तसा छापायला दिला. तारे बिचारे दर वर्षी त्याच महिन्यात त्याच जागी येतात. ग्रह येत नाहीत, हे पठ्ठ्या विसरला.

छापून आल्यावर त्याची ट्यूब पेटली. ‘संध्याकाळी पश्चिमेला शुक्र ठळक दिसेल’ असं त्यात होतं. शुक्र तर महिनाभर सूर्याच्या आड. कोणाच्या बापाला दिसणार नव्हता.

कचेरीत कोणी चकार शब्द काढला नाही. वाचकांनाही पत्ता नव्हता. धास्ती होती ती एकट्या वडिलांची. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर. आकाश त्यांनीच त्याला शिकवलेलं. चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा चंद्राची कोर उलटी छापली गेली, तेव्हा त्यांनी जेवण होईपर्यंत त्याची बिनपाण्याने केली होती. हल्ली चष्मा सापडत नाही म्हणून सून त्यांना सदर वाचून दाखवायची, आणि अंधारू लागलं की ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे.

संध्याकाळी तो चोरासारखा घरात शिरला. वडील गॅलरीतच होते.

“आलास? सदर ऐकलं तुझं.”

तो चपला काढता काढता थांबला.

“फक्कड जमलंय. आणि शुक्र काय दिसतोय रे! केव्हाचा बघतोय. तो बघ, समोरच्या टाकीच्या वर.”

वाचलो बुवा, असं त्याला वाटलं. सवयीने त्याने टाकीच्या वर पाहिलं. तिथे नुसतं रिकामं आभाळ होतं. मग मात्र तो वडिलांच्या डोळ्यांकडे बघू लागला.

“बाबा, चष्मा कधीपासून सापडत नाहीये?”

वडील खुर्चीत सावरून बसले.

“चष्म्याने आता काही होत नाही रे. चंद्र तेवढा कळतो. बाकीचं तू सांगशील तिथे बघतो.”

“शुक्र या महिन्यात दिसतच नाही, बाबा. मी चुकीचं छापलंय.”

तो कठड्याला टेकून ओरडा खायला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तो मनापासून हवा होता.

“असू दे,” वडील म्हणाले. “होतं असं.”